अठ्ठावीस दिवसांचा गीतसंग्रह

फेब्रुवारी हा वर्षातील सर्वांत तोकडा महिना. पुष्कळदा राखेचा बुधवार ह्याच महिन्यात येतो आणि प्रायश्चित्तकाळाची चाहूल लागते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर ह्या लहानशा राज्यात हा महिना कडाक्याच्या थंडीचा. माणसे घरातच अडकून पडण्याचा. त्या राज्यातील पोर्ट्समथ ह्या बंदराच्या गावी 'द वायर' नावाचे एक स्थानिक वृत्तपत्र निघत असे. २००६ साली ह्या वृत्तपत्राने आपल्या वाचकांना एक आव्हान दिले. फेब्रुवारीच्या दिवसांत दहा गाणी किंवा पस्तीस मिनिटांचे संगीत तयार करावे. रचना स्वतःची असावी, ध्वनिमुद्रणही त्याच महिन्यातले असावे, आणि महिना सरताच तबकडी वृत्तपत्राच्या कार्यालयात यावी. बक्षीस नव्हते, परीक्षक नव्हते, पहिला-दुसरा क्रमांकही नव्हता. काम पूर्ण करणे हेच काय ते यश.

ह्या उपक्रमाचे नाव 'आर. पी. एम. चॅलेंज'. रेकॉर्ड प्रॉडक्शन मंथ, म्हणजे ध्वनिमुद्रिका तयार करण्याचा महिना, ह्या शब्दांची ती आद्याक्षरे. तबकडी मिनिटाला किती फेरे घेते हे मोजतानाही हीच अक्षरे वापरतात. त्यावरचा तो श्लेष होता. त्याच्या आधी, २००४ साली, बर सेटल्स ह्या गृहस्थांनी काही मित्रांसह फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांत चौदा गाणी रचण्याचा असाच एक उपक्रम सुरू केला होता. ह्या प्रकारच्या उपक्रमांना वाट दाखवली ती कादंबरीलेखनाने. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एकवीस जणांनी एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिण्याचा घाट घातला. पुढे जगभरचे लोक त्यात सामील झाले. ते काम चालविणाऱ्या संस्थेने २०२५ साली आपला कारभार आवरता घेत असल्याचे जाहीर केले; परंतु महिन्याची मुदत घालून घेण्याची रीत मात्र तोवर रूढ झाली होती.

घरच्या घरी, तेही महिनाभरात, गाण्यांचा अल्बम करावयाचा हे एखाद्याला रिकामपणाचे खूळ वाटेल. आम्हांला ते तसे वाटत नाही. ह्या गोष्टीच्या मागे दोन जुने इतिहास उभे आहेत. एक यंत्राचा आणि दुसरा सणावाराचा.

यंत्रापासून सुरुवात करू. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला, तेव्हा एकाच यंत्रावर आवाज मुद्रित करता येई आणि ऐकताही येई. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या आणि हौशी लोक घरी आपल्या माणसांचे आवाज साठवू लागले. मात्र एमिल बर्लिनर ह्याची सपाट तबकडी बाजारात रुळली आणि चित्र पालटले. एका साच्यावरून हजारो तबकड्या काढता येऊ लागल्या. परंतु विकत घेणाऱ्याच्या ग्रामोफोनवर त्या केवळ वाजत. गाणे कारखान्यात तयार होऊ लागले आणि घराकडे फक्त ऐकण्याचे काम उरले.

यंत्राने गाण्याला मापही घालून दिले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने नोव्हेंबरात गौहर जान ह्यांचे गाणे मुद्रित केले. तासन् तास रंगणारा राग तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांत बसवावा लागे. अशा अनेक तबकड्या कागदी खिशांत घालून छायाचित्रांच्या वहीसारख्या पुठ्ठ्यात एकत्र बांधत. म्हणून त्यांना 'अल्बम' हे नाव पडले. १९४८ साली कोलंबिया कंपनीने दीर्घ वाजणारी तबकडी आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावत. पोर्ट्समथच्या मंडळींनी पस्तीस मिनिटांची अट घातली, तिचे मूळ ह्या जुन्या तबकडीत आहे.

घराला आपला हक्क परत मिळाला तो चुंबकीय फितीमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. आणि १९७९ साली जपानच्या टीअॅक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र काढले. साध्या कॅसेटवर चार समांतर पट्टे मुद्रित करण्याची सोय त्यात होती. पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवावी, ती कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातून ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर गावे, तिसऱ्यावर दुसरा सूर भरावा, चौथ्यावर आणखी एखादे वाद्य घ्यावे, आणि शेवटी चारही पट्टे एकत्र करून दुसऱ्या कॅसेटवर उतरवावेत. एकटा माणूस स्वतःचाच वाद्यवृंद होऊ शकला.

ह्या यंत्राची कीर्ती एका कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या गायकामुळे झाली. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा न्यू जर्सीतील फ्रीहोल्ड गावचा. तेथील सेंट रोझ ऑफ लिमा ह्या धर्मग्रामाच्या शाळेत तो शिकला. १९८२ च्या जानेवारीत कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात, निजण्याच्या खोलीत, त्याने पोर्टास्टुडिओवर आपली नवी गाणी गाऊन ठेवली. त्यांतली बरीचशी एकाच रात्रीत मुद्रित झाली. हेतू एवढाच, की साथीदारांना गाण्यांची कल्पना यावी. ती कॅसेट तो कित्येक दिवस बिनडबीची खिशात घेऊन हिंडत होता. पुढे न्यूयॉर्कच्या सुसज्ज स्टुडिओत संपूर्ण वाद्यवृंदासह तीच गाणी पुन्हा मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला. परंतु खोलीतल्या एकटेपणात त्या आवाजाला जी धार आली होती, ती तेथे येईना. अखेर ती घरगुती कॅसेटच मूळ मानली गेली. तिच्यावरून तबकडी काढताना तंत्रज्ञांना बरेच कष्ट पडले. ३० सप्टेंबर १९८२ रोजी 'नेब्रास्का' ह्या नावाने तो दहा गाण्यांचा अल्बम प्रकाशित झाला. गुन्ह्याच्या, दारिद्र्याच्या आणि हरवलेल्या आशेच्या त्या कहाण्यांना कच्च्या ध्वनिमुद्रणाची बाधा झाली नाही.

नंतरची वाटचाल वेगाने झाली. २००० साली 'ऑडॅसिटी' हे ध्वनिमुद्रणाचे साधन संगणकावर फुकट मिळू लागले. २००४ साली अॅपल कंपनीने 'गॅरेजबँड' आणले. चार पट्ट्यांची मर्यादा गेली, फितीचा खर्चही गेला. येथे एक नवीच अडचण उभी राहिली. जे गाणे कितीही वेळा दुरुस्त करता येते, ते कधी पुरेच होत नाही. आज सूर थोडा उतरला म्हणून पुसावे, उद्या शब्द रुचला नाही म्हणून बदलावा, असे करता करता वर्षे जातात. महिन्याच्या मुदतीचे उपक्रम आणि ही फुकट साधने ह्यांचा काळ एकच असावा, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही. पूर्वी तबकडी सांगे, "तीन मिनिटे झाली, थांब." तबकडी गप्प झाली तेव्हा ते काम दिनदर्शिकेकडे आले.

दिनदर्शिकेचे हे सामर्थ्य ख्रिस्तसभेला नवे नाही. सण पुढे ढकलता येत नाही, एवढ्या एका गोष्टीने आपल्या संगीताचे केवढे तरी भांडार निर्माण झाले आहे. योहान सेबास्टियन बाख १७२३ साली लाइपझिगच्या लूथरपंथी मंदिरांत संगीतप्रमुख झाला, तेव्हा पहिली काही वर्षे जवळजवळ दर रविवारी तो नवी गायनरचना सादर करी. गायक-वादकांसाठी नकला करण्याच्या कामी शिष्य, मुले आणि पत्नी आना माग्दालेना ह्यांचे हात लागत. म्हणजे तेही एका अर्थी घरगुती काम होते. मोझार्टने बाडेन येथील शाळामास्तर आणि गायनवृंदाचा प्रमुख आंतोन श्टोल ह्याच्यासाठी, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या सुमारास, 'आवे वेरूम कोर्पुस' रचले. हस्तलिखितावर १७ जून १७९१ ही तारीख आहे. रचना अवघ्या शेहेचाळीस मात्राखंडांची. परंतु तिच्यात उणे काय आहे, हे आजवर कोणी दाखविलेले नाही.

सर्वांत तोकडी मुदत ओबर्नडॉर्फच्या वाट्याला आली. २४ डिसेंबर १८१८ रोजी तेथील साहाय्यक धर्मगुरू योझेफ मोर ह्यांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलेली आपली कविता शाळाशिक्षक फ्रान्झ ग्रूबर ह्यांच्या हाती दिली आणि दोन आवाज व गिटार ह्यांसाठी चाल मागितली. त्याच दिवशी चाल झाली, त्याच रात्री नाताळच्या मिस्साच्या वेळी दोघांनी ती गायिली. 'सायलेंट नाइट' म्हणून आज साऱ्या जगात गायिले जाणारे गीत ते हेच. त्या संध्याकाळी ग्रूबर म्हणाले असते, "आठवडाभर विचार करून सांगतो," तर नाताळ त्यांच्यासाठी थांबला नसता.

अर्थात ह्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक रुडॉल्फ ९ मार्च १८२० रोजी ओल्म्युट्झ येथे आर्चबिशपपदी आरूढ व्हावयाचे होते. त्या समारंभासाठी बेथोव्हेनने मिस्साचे संगीत हाती घेतले. समारंभ होऊन गेला आणि 'मिस्सा सोलेम्निस' पूर्ण व्हायला १८२३ साल उजाडले. ही उशिरा आलेली रचना त्याच्या श्रेष्ठ कृतींत गणली जाते. मुदतीत बांधल्याने प्रत्येक काम चांगले होते असे नव्हे. फेब्रुवारीत घाईने केलेल्या अल्बमांतही पुष्कळ कच्चे, ओबडधोबड असणारच. परंतु बेथोव्हेनपाशी धीर धरणारा आश्रयदाता होता आणि अर्धवट काम टाकून न देण्याची जिद्दही होती. नोकरी, संसार आणि शेतीवाडी सांभाळून गाणाऱ्या सामान्य माणसाचे राहिलेले काम बहुधा राहूनच जाते. त्याच्यासाठी तारीख हा मोठा आधार आहे.

हा विचार आमच्या घरांशी येऊन भिडतो तो येथेच. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले; १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते काव्य टिकले ते भाविकांनी हाताने उतरून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. १९०७ साली मंगळूरला जी आवृत्ती निघाली, तिलाही अशाच हस्तलिखितांचा आधार होता. छापखान्याला जे राखता आले नाही, ते हाताने केलेल्या नकलांनी राखले.

आज तशीच वेळ आमच्या मौखिक गाण्यांवर आली आहे. वसईच्या सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांतील लग्नाची गाणी, हळदीची गाणी, ओव्या आणि पाळणे पुष्कळ ठिकाणी आता फक्त आजीच्याच कंठात उरले आहेत. पारंपरिक गाणी पोर्ट्समथच्या नियमात बसणार नाहीत, कारण तेथे स्वतःच्या रचनेची अट होती. परंतु त्यांची रीत उचलायला कोणाची आडकाठी नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. उणीव आहे ती तारखेची. "पुढच्या सुट्टीत आजीची गाणी भरून घेऊ," असे आपण म्हणतो. आणि ती सुट्टी येण्याआधीच घंटा वाजते.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमची एक सूचना आहे. येत्या फेब्रुवारीत दहा गाणी किंवा पस्तीस मिनिटे एवढाच संकल्प करावा. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात, फोन जवळ पण स्थिर ठेवावा आणि आजीला घाई करू नये. मध्येच ती एखादे कडवे विसरली, हसली, दुसरीला विचारू लागली, तर तेही राहू द्यावे. प्रत्येक गाण्याच्या आरंभी गाणारीचे नाव, गाव आणि तारीख स्पष्ट उच्चारावी. एकेका गाण्याला तीन दिवसही मिळणार नाहीत. म्हणून निर्दोष गाण्याचा हट्ट सोडावा. ज्या घरात नवी भक्तिगीते रचणारे हात आहेत, त्यांनी स्वतःची गाणी भरावीत.

आणि महिना संपला की त्याच्या प्रती काढून निदान चार घरांत ठेवाव्यात. पोथ्या अनेक घरांत होत्या, म्हणूनच पुराण वाचले.