सरकारी छापखान्यावरील पहारा

विधिमंडळात एखादे विधेयक चर्चेला येते तेव्हा सभासदांचे लक्ष त्यातील कलमांकडे असते. ती कलमे कोणी छापली आणि छपाईचे मोल किती पडले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो विषय कारकुनी समजला जातो. अमेरिकेच्या काँग्रेसला मात्र या कारकुनी विषयाने पिढ्यान् पिढ्या अस्वस्थ केले, आणि त्या अस्वस्थतेतूनच १८४६ साली तिची संयुक्त मुद्रणसमिती जन्मास आली.

त्यापूर्वीची व्यवस्था मोठी बोलकी होती. १८१९ साली काँग्रेसने छपाईचे दर ठरवून दिले व प्रत्येक सभागृहाने आपला मुद्रक मतदानाने निवडावा असा नियम केला. दर सढळ होते, आणि निवडले जाणारे मुद्रक हे बहुधा राजधानीतील वृत्तपत्रांचे चालक असत. ‘नॅशनल इंटेलिजन्सर’चे गेल्स व सीटन, ‘युनायटेड स्टेट्स टेलिग्राफ’चे डफ ग्रीन, ‘ग्लोब’चे फ्रान्सिस ब्लेअर ही त्यांतील ठळक नावे होत. सरकारी छपाईच्या नफ्यावर पक्षाचे पत्र पोसले जाई. ज्याचे बहुमत त्याचा मुद्रक, आणि ज्याचा मुद्रक त्याचे पत्र, असा हा हिशेब होता.

१८४६ साली काँग्रेसने हा हिशेब मोडावयाचे ठरविले. छपाईचे काम सर्वांत कमी दर देणाऱ्या कंत्राटदारास द्यावे आणि त्यावर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीची नजर असावी, अशी योजना झाली. परंतु स्वस्ताईलाही तिची किंमत असते. काम पदरात पाडून घेण्यासाठी कंत्राटदारांनी न परवडणारे दर लावले. मग कामे रखडू लागली आणि छपाईचा दर्जा खालावला. अखेर १८५२ साली निवडलेले मुद्रक परत आले. त्यांच्यावर देखरेखीसाठी एक अधीक्षक तेवढा नेमण्यात आला. त्या मुद्रकांपैकी काहींजवळ स्वतःचा छापखानाही नसे. ते आपले काम कॉर्नेलियस वेंडेल या छापखानेवाल्याकडे सोपवीत आणि नफ्याचा वाटा घरबसल्या घेत. १८६० साली जॉन कोवोड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली, तेव्हा छपाईतील पैसा पक्षीय वृत्तपत्रांकडे व निवडणुकांकडे कसा वाहत होता ते उघडकीस आले.

त्याच वर्षी २३ जून रोजी, सरकारने स्वतःचाच छापखाना चालवावा असा ठराव मंजूर झाला. वेंडेलचीच इमारत यंत्रसामग्रीसह १,३५,००० डॉलरना विकत घेण्यात आली आणि ४ मार्च १८६१ रोजी सुमारे ३५० कामगारांनिशी सरकारी मुद्रणालय सुरू झाले. अब्राहम लिंकन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तो हाच दिवस. कंत्राटदार गेले, समिती मात्र राहिली. आता ती सरकारच्याच छापखान्यावर पहारा करू लागली.

पहारेकऱ्याच्या हाती हळूहळू किल्ल्याही येऊ लागल्या. १८९५ च्या कायद्याने सरकारी छपाई बव्हंशी या मुद्रणालयात एकवटली. १९१९ साली विलंब, द्विरुक्ती व उधळपट्टी थांबविण्यासाठी आवश्यक ते उपाय योजण्याचा अधिकार समितीला मिळाला. पुढील वर्षी काँग्रेसने त्याहून पुढचे पाऊल टाकले. सरकारी खात्यांनी काय छापावे आणि कोणती नियतकालिके काढावीत, यावर समितीचे नियम चालावेत अशी तरतूद एका खर्चाच्या विधेयकात घालण्यात आली. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे १९२० मध्ये ते विधेयक नाकारले. काटकसरीला त्यांचा विरोध नव्हता. शासनाने जनतेस कोणती माहिती द्यावी हे विधिमंडळाच्या एका समितीने ठरवावे, ही गोष्ट त्यांना शासनाच्या अधिकारावरील आक्रमण वाटली. कागदाची बचत आणि वाणीचे नियंत्रण यांमधील रेषा किती पुसट असते, ते या प्रसंगाने दाखवून दिले.

या वादाला पुढे अनपेक्षित दिशेने उत्तर मिळाले. जगदीश राय चढ्ढा हे केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे विद्यार्थी. त्यांना अमेरिकेतून हद्दपार करावे की नाही, या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली निर्णय दिला की, शासनाची कृती काँग्रेसला फिरवावयाची असेल तर ती दोन्ही सभागृहांनी संमत करून अध्यक्षांपुढे ठेवलेल्या कायद्यानेच फिरविली पाहिजे. खटल्याचा छपाईशी काडीचाही संबंध नव्हता. तथापि शासकीय खात्यांना परवानगी देण्या-नाकारण्याच्या मुद्रणसमितीच्या अधिकाराचा पाया त्यामुळे ढासळला.

समिती आजही आहे. प्रत्येक सभागृहाचे पाच असे तिचे दहा सभासद असतात. २०१४ साली मुद्रणालयाच्या नावातील ‘मुद्रण’ जाऊन ‘प्रकाशन’ हा शब्द आला, कारण पुष्कळसा मजकूर आता कागदावर उतरतच नाही. ज्या नफ्यासाठी एके काळी मुद्रक निवडले जात, तो नफाही उरला नाही. राज्याचा शब्द जनतेपर्यंत कोणाच्या हातून पोहोचावा आणि त्या हातावर कोणाचा हात असावा, हा १८१९ चा प्रश्न मात्र यंत्रे बदलल्याने जुना झालेला नाही.