आजीबाई : पंडिता रमाबाई आणि वाँटेजची एक मैत्री

एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दोन गोष्टींचा विचार करतो. एक म्हणजे मतांचा संघर्ष, आणि दुसरी म्हणजे त्या संघर्षाने समाजात उठलेले वादळ. या दोहोंच्या मध्ये व्यक्तिव्यक्तींच्या स्नेहाची जी एक भूमी असते तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्यातही ख्रिस्ती स्त्रियांनी एकमेकींशी जोडलेली मैत्री हा विषय किरकोळ, घरगुती आणि म्हणून इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानला गेला आहे. पंडिता रमाबाईंच्या चरित्रापुरते तरी हे मानणे चुकीचे आहे, असे मला वाटते. रमाबाईंनी आपली धर्मविषयक मते बव्हंशी मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांतून घडविली, आणि ज्या मैत्रिणीशी त्यांचे सर्वांत कमी पटले तिच्याच मुळे ती पत्रे आज आपल्या हाती आहेत.

प्रसंगाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगावयास हवी. सन १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई पतिनिधनानंतर, १८८२ साली, आपली लहानगी मुलगी मनोरमा हिला घेऊन कलकत्त्याच्या बाजूने पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. वैद्यकी शिकावी या हेतूने त्यांना इंग्लंडला जावयाचे होते. पुण्यात १८७७ पासून काम करणाऱ्या अँग्लिकन भगिनींचा मूळ मठ ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज या गावी होता. त्यांच्या आश्रयाने १८८३ च्या मे महिन्यात रमाबाई तेथे पोचल्या. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. मनोरमा दोन वर्षांची होती, आणि सोबतीला आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती.

या मैत्रिणीचा उल्लेख चरित्रकार एखाद्या ओळीत उरकतात. परंतु पुढचे सारे समजण्यासाठी तिच्यापाशी थांबणे भाग आहे. परक्या देशात, परक्या धर्माच्या मठात आनंदीबाईंचे मन भ्रमले. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील या भयाने त्यांना पछाडले होते. माक्स म्यूलर यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही हकीकत आली आहे : एका रात्री त्यांनी रमाबाईंचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला आणि नंतर स्वतःच्या जीवाचा अंत केला. त्यानंतर रमाबाई काही दिवस म्यूलर यांच्या घरी राहिल्या, तेव्हा त्यांच्या खोलीत रात्री एक मोलकरीण निजवावी लागे, इतक्या त्या घाबरल्या होत्या. आणि त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. एका स्वदेशी मैत्रिणीच्या मृत्यूची सावली पुढील मैत्रीवर अगदी आरंभापासून पडलेली आहे, हे वाचकाने विसरू नये. ‘स्नेह’ हा शब्द येथे सुलभपणे वापरता येत नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी रमाबाईंची धर्ममाता झाल्या त्या भगिनी जेराल्डीन. रमाबाईंच्या पत्रांत त्यांना एकच संबोधन येते, आणि ते इंग्रजी नाही. सबंध पत्र इंग्रजीत असताना त्याच्या माथ्यावर ‘आजीबाई’ हा मराठी शब्द रोमन अक्षरांत उभा असतो. धर्ममातेला ‘आई’ न म्हणता ‘आजीबाई’ का म्हटले असावे? माझा तर्क असा की हे नाते मनोरमेकडून मोजलेले आहे. आपल्याकडे सासुरवाशीण घरातल्या माणसांना पुष्कळदा लेकराच्या नात्याने हाक मारते. थोरल्या जावेला ती मुलांसारखीच ‘काकू’ म्हणते, सासऱ्यांना ‘आजोबा’. आप्त म्हणून कोणी न उरलेल्या या विधवेने परमुलखात आपल्या मुलीसाठी एक आजी निर्माण केली, आणि मग स्वतःही तिला त्याच नावाने हाक मारू लागली.

या पत्रांपैकी काहींचे मराठी करू पाहताना मला पहिली अडचण याच शब्दाने घातली. इंग्रजीत थोराला, धाकट्याला, सख्याला आणि अधिकाऱ्याला एकच सर्वनाम पुरते. मराठीला निवड केल्यावाचून एक वाक्यही लिहिता येत नाही. मराठी मूल आजीला ‘तू’ म्हणते. पण ‘आजी’ला ‘बाई’ जोडले की त्या ‘तू’चे ‘तुम्ही’ होऊ लागते. म्हणजे जवळीक आणि अंतर ही दोन्ही त्या एका संबोधनातच सांधलेली आहेत. उलट बाजूने, जेराल्डीन रमाबाईंना काय म्हणतील? ‘तू’च म्हणतील, हे उघड आहे. परंतु आजीचे ‘तू’ मायेचे असते, आणि मठातील वरिष्ठ भगिनीने नवदीक्षित स्त्रीस म्हटलेले ‘तू’ आज्ञेचे असते. कोणत्या पत्रात कोणते ‘तू’ आहे हे ठरविता ठरविता माझ्या ध्यानात आले, की एकाच पत्रात, किंबहुना एकाच परिच्छेदात, दोन्ही आहेत. भाषांतरकाराची ही अडचण म्हणजेच त्या संबंधाचे खरे वर्णन होय.

मतभेदास फार काळ लागला नाही. वैद्यकीचा बेत ऐकू कमी येत असल्यामुळे सोडावा लागला, आणि १८८४ साली रमाबाई चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. तेथे त्या शिकत आणि शिकवीतही. मनोरमा वाँटेजला आजीबाईंपाशी राहिली. येथून पत्रव्यवहारास धार चढते. वादाचे विषय वरवर पाहता लहान आहेत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत? रमाबाईंच्या देशातील माणसांना लॅटिन कळत नाही, मग संस्कृत का नको? शाकाहार पाळणे हा जुन्या जातीचा अभिमान आहे, की एका व्यक्तीची साधी निवड? अजाण मुलीला त्रैक्याचा सिद्धांत आत्ताच का शिकवावा? या प्रत्येक प्रश्नामागे एक मोठा प्रश्न उभा आहे : ख्रिस्ताचा स्वीकार म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा स्वीकार काय?

१८८५ च्या वसंतात हा प्रश्न उघडा पडला. रमाबाईंनी चेल्टनम येथे काही तरुण पुरुषांना शिकवावे, असा विचार निघाला होता. हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली. याने तिच्या देशात तिचे वजन घटेल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी यावर लिहिलेली पत्रे वाचताना आजही वाचकाची पाठ ताठ होते. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता होतो याचा त्यांना संताप आला होता. ज्या गोष्टीला आपल्या शास्त्री पित्याने व पतीने कधी आडकाठी केली नाही तिला इंग्रज ख्रिस्ती लोकांनी करावी, याचे त्यांना नवल वाटले. स्वदेशातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरविले ते दुसऱ्या कोणाचे जू मानेवर घेण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ. ही पत्रे त्यांनी बिशपांना लिहिली नाहीत. ती आजीबाईंना आणि कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना लिहिली. माणूस इतके निर्भयपणे तेथेच बोलतो जेथे बोलल्याने नाते तुटणार नाही अशी त्याची खात्री असते.

बीलबाईंचा सूर जेराल्डीन यांच्याहून निराळा होता. रमाबाईंच्या शंकांना त्यांनी बंड मानले नाही. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य यांसारख्या कूट विषयांवर त्यांनी एका विचारी स्त्रीने दुसऱ्या विचारी स्त्रीशी बोलावे तशी पत्रे लिहिली. एकीने आज्ञा केली आणि दुसरीने युक्तिवाद केला, असे सरळ वर्गीकरण करण्याचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे. आजीबाईंच्या कडक पत्रांना उत्तरे देताना रमाबाईंचा गद्यविचार जितका रेखीव झाला तितका तो बीलबाईंच्या सौम्य पत्रांनी झाला असता की नाही, याचा मला संशय आहे. संस्कृत पंडितांच्या सभांतून वाद करीत वाढलेल्या या विदुषीला प्रतिपक्ष हवा होता, आणि तो तिला स्नेहाच्या घरातच मिळाला.

या मैत्रीची फळे पत्रांपुरती राहिली नाहीत. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी वाँटेजच्या भगिनींनी लंडनमधील फुलम येथे चालविलेला आश्रम रमाबाईंनी पाहिला. अशा स्त्रियांना कोणी माणूस म्हणून वागविते, या दर्शनाने आपले मन ख्रिस्ताकडे वळले, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. पुढे केडगावी ‘कृपासदन’ निघाले त्याचे बीज येथे आहे. १८८६ साली डॉ. रेचल बॉडली यांच्या निमंत्रणावरून त्या फिलाडेल्फियास गेल्या. ११ मार्च रोजी आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या उपस्थित होत्या. रमाबाईंच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या १८८७ च्या इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती बॉडलीबाईंनीच. त्या वर्षाअखेरीस बॉस्टनमध्ये साहाय्यक मंडळ स्थापन झाले, आणि बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत शारदासदन उघडले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. एक पक्ष राज्यकर्त्या देशाचा, चर्चच्या पाठबळाचा आणि निवाऱ्याचा धनी. दुसरा पक्ष निर्धन, परदेशस्थ, लेकुरवाळा. अशा दोघींच्या संबंधाला मैत्री म्हणावे काय? आनंदीबाई भगत यांचे भय निव्वळ भ्रम होते असे कोण म्हणेल? मला या आक्षेपाचे संपूर्ण निराकरण करता येत नाही. एवढेच म्हणता येते की ही विषमता रमाबाईंना पुरती दिसत होती, आणि त्यांनी ती पत्रांत शब्दांनी सांगितली. उपकाराखाली दबलेले माणूस गप्प बसते, किंवा निघून जाते. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. चेल्टनम आणि वाँटेज सोडल्यावरही त्यांनी पत्र लिहिणे सोडले नाही. आणि १८९० नंतरच्या दशकात मनोरमेला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्याची वेळ आली, तेव्हा तिला त्यांनी पुन्हा आजीबाईंच्याच हवाली केले. जिच्याशी मुलीच्या धर्मशिक्षणावरून भांडण झाले तिच्याच हाती मुलगी सोपविणे, याहून मोठा विश्वास कोणता?

जेराल्डीन यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदली पाहिजे. रमाबाईंची पत्रे त्यांनी जपून ठेवली, त्यांच्या नकला केल्या, आपली आणि इतरांची पत्रे जोडून त्यांचा संग्रह सिद्ध केला. जेथे रमाबाई चुकल्या असे त्यांना वाटले तेथे त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. परंतु आपल्याला खोडून काढणारी पत्रे त्यांनी गाळली नाहीत. १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, तेव्हा वाचकांना रमाबाईंचा स्वतंत्र स्वर ऐकू आला. तो ऐकू आला तो त्यांच्या मताविरुद्ध असलेल्या स्त्रीच्या हस्ते. अनुयायांनी ठेवलेल्या दप्तरांत असे क्वचित घडते.

तथापि, कागदावर उतरलेली मैत्री हीच सारी मैत्री नव्हे, याचेही भान इतिहासकाराने ठेवावे. एका छपराखाली राहणाऱ्यांना एकमेकींना पत्रे लिहावी लागत नाहीत. शारदासदनाच्या आरंभापासून रमाबाईंना साथ देणाऱ्या सुंदराबाई पवार, किंवा केडगावच्या मुक्तिसदनात खिळे जुळवून रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर छापणाऱ्या स्त्रिया, यांच्याशी त्यांचे बोलणे मराठीत, स्वयंपाकघरात आणि छापखान्यात झाले असणार. ते हवेत विरून गेले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या त्या भाषांतराचे काम रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येण्यापूर्वी पुरे केले. आधल्याच वर्षी मनोरमा निवर्तली होती. त्या छापखान्यातील हातांचा हिशेब आपल्या वाङ्मयेतिहासात अजून लागलेला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ना मराठी साहित्याने आपले म्हटले. रमाबाईंची पत्रे इंग्रजीत असल्यामुळे आपण ती चरित्राचे साधन मानून बाजूला ठेवली. ती मराठीत यावयास हवीत, आणि एकट्या रमाबाईंची नव्हेत, तर आजीबाईंच्या उत्तरांसह यावयास हवीत. मी केलेल्या मसुद्यात अखेरीस रमाबाईंच्या मुखी ‘तुम्ही’ ठेवले आहे आणि जेराल्डीन यांच्या मुखी ‘तू’. त्या ‘तू’मध्ये माया किती आणि हुकूम किती, हे प्रत्येक पत्रागणिक वाचकाने ठरवावे. रमाबाईंनाही ते प्रत्येक पत्रागणिकच ठरवावे लागले होते.