आयरिश पूर्वजाचा माग

कामठीवरून वाहत आलेली कन्हान नदी आंभोऱ्यापाशी वैनगंगेस मिळते आणि तिचे पाणी पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. या कन्हानच्या काठी इंग्रजांनी 1821 साली लष्करी छावणी वसविली. त्या काळच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा असे. 1830 साली ब्रिटिश लष्करातील दर शंभर शिपायांमागे सुमारे 42 आयरिश होते आणि त्यांतील बहुसंख्य कॅथलिक होते. घरच्या दारिद्र्याने त्यांना पलटणीत लोटले. पुढे 1845 पासून बटाट्यावरील रोगामुळे महादुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली व त्याहून अधिक देशोधडीस लागली.

असा एखादा शिपाई आपल्या घराण्याचा मूळपुरुष असेल, तर त्याचा शोध कोठे घ्यावा? 30 जून 1922 रोजी, आयर्लंडमधील यादवी युद्धात, डब्लिनचे सरकारी दफ्तर भस्मसात झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनांचे बहुतेक कागद नष्ट झाले. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या मात्र त्या त्या धर्मग्रामातच होत्या, म्हणून त्या वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये त्यांची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली केली.

भारतातील अनेक नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कामठीत मद्रासची फौज असे, त्यामुळे तेथील नोंदी मद्रास विभागात पाहाव्यात. पुणे-अहमदनगरच्या मुंबई विभागात. परंतु कॅथलिकांच्या सर्वच नोंदी तेथे पोहोचल्या नाहीत. म्हणून चर्चमधील मूळ वही पाहणे अगत्याचे. ती बहुधा लॅटिनमध्ये असते. तेथे पॅट्रिकचा पॅट्रिशियस होतो, जेम्सचा जेकोबस. धर्ममातापित्यांची नावेही टिपून घ्यावीत; ती पुष्कळदा आप्तांचीच असतात.

हे नाते केवळ कागदी नसते. विख्यात विनोदी लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म 1918 साली अहमदनगरला झाला. वडील तोफखान्यातील आयरिश सैनिक. पुढे ब्रिटिश नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पित्याच्या वारशाने त्यांना आयर्लंडचे नागरिकत्व मिळाले.

आयर्लंडमध्ये शोध घेताना केवळ आडनाव पुरत नाही. एकाच आडनावाची शेकडो कुटुंबे आढळतात. पूर्वजाची 'टाउनलँड', म्हणजे आपल्याकडील मौजा, ठाऊक असेल तरच खरे घर सापडते.

येथेच आम्हांला गोसीखुर्द पुन्हा आठवते. 1988 साली पायाभरणी झालेल्या या धरणाने अनेक गावे उठली आणि माणसे पुनर्वसित वसाहतींत गेली. शंभर वर्षांनी त्यांची पणतवंडेही मूळ गाव शोधू लागतील. त्यांच्यासाठी बुडालेल्या मौजाचे नाव, आजोबा-पणजोबांची नावे आणि सोयरिकीची गावे आजच वहीत लिहून ठेवावीत. आयरिश शिपायाच्या वंशजांना जे सापडते, ते कोणा धर्मगुरूने त्या दिवशी चार ओळी लिहून ठेवल्या म्हणूनच.