पदवी घेतली, आता पुढे काय?

मुलीला कॉलेजात धाडताना किती विरोध झाला, हे आपण पुष्कळ वाचतो. पदवी घेऊन ती घरी परतल्यावर तिचं काय झालं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. अमेरिकेतल्या पदवीधर स्त्रियांची पहिली मोठी संघटना या दुसऱ्या प्रश्नातून उभी राहिली.

१८८० साली मॅरियन टॅलबट बॉस्टन विद्यापीठातून बी.ए. झाली. वडील नावाजलेले डॉक्टर. आई एमिली मुलींच्या शिक्षणासाठी झटणारी; बॉस्टनमध्ये मुलींची लॅटिन शाळा निघाली, ती तिच्याच खटपटीमुळे. घरी कशाची ददात नव्हती. पण जुन्या मैत्रिणी तोवर आपापल्या संसारात आणि मेजवान्यांत रमल्या होत्या, आणि शिकलेली मॅरियन त्यांच्यात परकी झाली होती. शाळेत शिकवण्यापलीकडे तिच्या पदवीचा उपयोग काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आपलीच मुलगी अशी एकटी पडलेली नाही, हे एमिलीच्या लक्षात आलं. गावोगावी अशा मुली होत्या, फक्त त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

मायलेकींना साथ मिळाली ती एलन स्वॅलो रिचर्ड्स यांची. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे एमआयटीत, प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. रसायनशास्त्रात, पाण्याच्या परीक्षणात मुरलेल्या. २८ नोव्हेंबर १८८१ रोजी बॉस्टनमध्ये ८ कॉलेजांतल्या १७ पदवीधर स्त्रिया जमल्या. जानेवारीत पुन्हा सभा झाली, तेव्हा त्या ६५ होत्या. नाव ठरलं ‘असोसिएशन ऑफ कॉलेजिएट अ‍ॅलम्नी’.

चहापान आणि व्याख्यानं एवढ्यावर ही मंडळी थांबली असती, तर आज त्यांची आठवण काढायचं कारण नव्हतं. त्यांच्यापुढे एक पुस्तक होतं. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये ते लिहिलं होतं. मुलींनी वयात येण्याच्या काळात मुलांसारखा अभ्यास केला, तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते, गर्भाशयाची वाढ खुंटते आणि मुलगी जन्माची आजारी होते, असं त्यांचं म्हणणं. पुरावा काय, तर त्यांच्या दवाखान्यात आलेल्या मोजक्या मुलींच्या कहाण्या. त्यांतली एक तर १४ व्या वर्षी व्हासार कॉलेजात गेली, असं त्यांनी लिहिलं. व्हासारच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच दाखवून दिलं, की इतक्या लहान मुलीला तिथे प्रवेशच नसतो. तरी पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढे ब्रिन मॉर कॉलेजच्या अध्यक्ष झालेल्या एम. केरी थॉमस यांनीही नंतर सांगितलं, की तरुणपणी या पुस्तकाची धास्ती त्यांचा पिच्छा सोडत नव्हती.

या डॉक्टरांना उत्तर म्हणून निषेधाचा ठराव करता आला असता. या बायकांनी छापील प्रश्नावली काढली. आईवडिलांची प्रकृती कशी, कितव्या वर्षी कॉलेजात गेलात, रोज किती तास अभ्यास, व्यायाम किती, मासिक पाळीचा त्रास होतो का, काळजी कशाची वाटते, आज तब्येत कशी आहे. त्या काळी ज्या गोष्टी डॉक्टरसमोरही चाचरत बोलल्या जात, त्या कागदावर लिहून मागितल्या. १२९० जणींकडे कागद गेले, ७०५ जणींनी भरून परत पाठवले. आकड्यांची मांडणी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कामगार-सांख्यिकी खात्याने केली आणि १८८५ मध्ये अहवाल छापला. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्के जणींची प्रकृती चांगली होती.

आजचा संख्याशास्त्रज्ञ या पाहणीत खोट काढील, आणि ती खरीच असेल. जवळजवळ निम्म्या जणींनी उत्तर दिलं नाही; ज्यांनी दिलं, त्यांनी स्वतःच्या तब्येतीविषयी स्वतःच सांगितलं. पण क्लार्क यांच्या मूठभर रोग्यांपुढे ७०५ निरोगी-आजारी स्त्रियांचा सरळ हिशेब ठेवणं, हे मला त्या काळातलं मोठं धाडस वाटतं. आपल्या देहाविषयी दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष त्यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही.

संघटना वाढत गेली. स्त्री-संशोधकांसाठी शिष्यवृत्त्या निघाल्या. १९२१ मध्ये दक्षिणेतल्या तशाच एका संघटनेशी विलीनीकरण होऊन आजचं नाव आलं: अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी वुमेन.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. पुढची सांगताना मात्र आवाज खाली येतो. मेरी चर्च टेरेल ही कृष्णवर्णीय स्त्री ऑबर्लिन कॉलेजची १८८४ ची पदवीधर. तिथे स्त्रियांसाठी वेगळा सोपा अभ्यासक्रम असताना तिने पुरुषांचा, ग्रीकसकटचा अभ्यासक्रम निवडला. वॉशिंग्टनच्या शिक्षण मंडळावर ती होती. १९०४ मध्ये बर्लिनच्या स्त्री-परिषदेत तिने जर्मन भाषेत भाषण केलं. ती या संघटनेची जुनी सदस्यही होती. मधे सदस्यत्व सुटलं. १९४६ मध्ये तिने वॉशिंग्टन शाखेकडे पुन्हा अर्ज केला, आणि शाखेने तो नाकारला. कारण कातडीचा रंग.

राष्ट्रीय कार्यकारिणी टेरेल यांच्या बाजूने उभी राहिली, तर शाखाच न्यायालयात गेली आणि जिंकली; टेरेल यांना सदस्य करून घ्यायला शाखेला भाग पाडणारा नियम संघटनेच्या घटनेत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. स्त्रियांवरच्या एका खोट्या समजाविरुद्ध ज्यांनी घरोघरी कागद पाठवले, त्यांच्याच संघटनेने पदवीधर स्त्रीला रंग पाहून परत पाठवावं, हे मला कोणत्याही सबबीखाली झाकावंसं वाटत नाही. मग १९४९ च्या अधिवेशनात घटनाच प्रचंड बहुमताने बदलली: मान्य विद्यापीठाची पदवी एवढीच सदस्यत्वाची अट, वंश किंवा धर्म पाहायचा नाही. टेरेल यांनी पदवी घेतली, त्याला तोवर ६५ वर्षं झाली होती.