घरातला ससा आणि रानातला ससा

आमच्या नागपुरात शाळेच्या भिंतीवर ससा रंगवायचा झाला, की तो बहुधा पांढराशुभ्र आणि लाल डोळ्यांचाच रंगवतात, आणि त्याची कासवाशी शर्यत लावतात. परंतु कासवाकडून हरलेला इसापाचा ससा, सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा पंचतंत्रातला ससा आणि चंद्रावर जाऊन बसलेला शश हे सारे मातकट रंगाचे, रानातले ससे होत. भिंतीवरचा पांढरा प्राणी त्यांचा दूरचा भाऊबंद खरा, पण जातीने निराळा. इंग्रजीत या दोहोंना दोन शब्द आहेत, मराठीत एकच आहे. यात आपल्या भाषेचे दारिद्र्य नाही. जो प्राणी आपल्या मुलखात नव्हताच, त्याला नाव कशाला हवे? पुढे तो घरात आला, जुनेच नाव त्याला चिकटले, आणि या घोटाळ्याची किंमत दोघेही मोजत आले आहेत.

आपल्या रानातला ससा बीळ खणत नाही. गवतातल्या खळग्यात तो दबून बसतो आणि संकट आले की पायांवर भिस्त ठेवून पळतो. त्याची पिले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाचे पूर्वज मात्र बिळात कळपाने राहणारे. त्यांची पिले उघडीनागडी आणि आंधळी जन्मतात.

या दुसऱ्या सशाचे माहेर स्पेन-पोर्तुगालचा प्रदेश. तेथे पोचलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी त्याला आपल्याकडच्या एका निराळ्याच प्राण्याचे नाव दिले आणि त्यावरूनच ‘हिस्पानिया’ हे देशनाम पडले, असे काही विद्वान मानतात. तसे असेल तर नावाचा घोटाळा या प्राण्याच्या पाठीशी प्रथमपासूनच आहे! रोमन लोक ससे कुंपणात ठेवीत, पण ते खाण्यासाठी. इसवी सन 600 च्या सुमारास पोपने सशाची कोवळी पिले उपवासाला चालतात असे ठरवले, म्हणून मठवासीयांनी ससे माणसाळवले, ही कथा पुष्कळ पुस्तकांतून आढळते. 2018 साली संशोधकांनी तिचा माग काढला, तेव्हा असा हुकूमच मिळाला नाही. माणसाळण्याचे काम एका दिवसात वा एका हुकमाने झालेले नाही. कुंपण, खुराडे, पिंजरा अशा पायऱ्यांनी ते शतकानुशतके चालले. केवळ हौसेने ससा पाळण्याची रीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात.

रानातला ससा घरात राहील काय, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. विल्यम कूपर हा इंग्रज कवी मनोविकाराने गांजलेला होता. 1774 साली त्याने रानसशांची तीन पिले घरात वाढवली आणि 1784 साली त्यांची हकीकत छापून प्रसिद्ध केली. संध्याकाळी तो त्यांना दिवाणखान्यात मोकळे सोडी. आजारात शुश्रूषा केलेला एक ससा त्याचा हात चाटू लागला आणि जवळजवळ बारा वर्षे जगला. दुसरा तसेच लाड होऊनही अखेरपर्यंत रानटीच राहिला. तिसरा पुरता वाढला न वाढला तोच मेला. लोक पहिल्याची गोष्ट सांगतात. आम्हांला दुसरा अधिक बोलका वाटतो. पिंजऱ्यात गेलेल्या शेकडो पिढ्यांचे काम एका माणसाच्या मायेने होत नाही.

म्हणून काटोल-उमरेडकडच्या शेतात कापणीच्या वेळी सशाचे पिलू सापडले, तर ते पोरके समजून घरी आणू नये. आई दिवसा मुद्दामच दूर राहते आणि अंधार पडू लागल्यावर पाजायला येते. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा ससा घरात ठेवण्यास मनाई आहे.

पाळीव ससा खुशाल पाळावा, पण तो बिळाचा रहिवासी आहे हे ध्यानात ठेवून. तो गादी उकरतो, विजेच्या तारा कुरतडतो, ती खोड नव्हे. त्याचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजवायला गवतच लागते. गणपतीला वाहतो ती हराळी त्याला गाजरापेक्षा पुष्कळ हिताची; गाजर गोड, ते चवीपुरते. तो स्वतःच्या मऊ लेंड्या खातो हे पाहून गृहिणी दचकतात, पण त्याचे पोषण त्यावरच पुरे होते.

खरी कसोटी वैशाखात. स्पेनमध्येही ऊन कडक असते, पण तेथे तो जमिनीखालच्या गारव्यात शिरतो. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. तीस अंशांच्या वर त्याची तगमग सुरू होते, आणि नागपूरचा पारा तर पंचेचाळीस ओलांडतो. गच्चीवरचा किंवा गॅलरीतला पिंजरा त्या दिवसांत भट्टी होतो. तेव्हा त्याला तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत, गार फरशीवर, वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतापासून थोडे बाजूला ठेवावे, पाण्याचे भांडे जड मातीचे असावे, आणि दुपारी त्याला मुलांच्या हाती देऊ नये. ऊन उतरल्यावर तो आपणच उठून घरभर हिंडू लागतो.