माळवदावरचा वाकस



ह्या पत्रिकेत एरवी बियाणं, खतं, कीड-रोग ह्यांची माहिती असते. आज मात्र लोखंडाच्या एका तुकड्याची हकीकत सांगायची आहे. हा तुकडा वजनाला किलोभरसुद्धा नव्हता आणि थोडक्यात भंगारात जायचा राहिला.

केज तालुक्यातल्या एका गावी पावसाळ्याच्या तोंडावर पाच खणांचं जुनं माळवद उतरवायचं काम चाललं होतं. स्लॅबचं घर बांधायचं होतं. माती खाली ओढली, किलचन काढलं, तेव्हा भिंतीलगतच्या तुळईवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हाती लागलं. गंजून लाल झालेलं, वीतभर लांबीचं लोखंड. एका अंगाला चपटं, आत वळलेलं पातं, दुसऱ्या अंगाला चौकोनी ठोकळा, मधे भोक. भोकात दांड्याचा आखूड तुकडा अडकलेला. घरमालक म्हणाले, कुदळ असंल तुटकी. शेजारी म्हणाले, पाथरवटाचा हातोडा. भंगारवाल्यानं काहीच न म्हणता तो काट्यात टाकला. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या आजी तेवढ्या ओरडल्या, "आरं ठिव त्यो खाली! सुताराचा वाकस हाय. ह्या समद्या तुळया त्यानंच तासल्यात."

आजींचं म्हणणं खरं की खोटं हे ताडून बघता येण्यासारखं होतं, आणि ते कसं बघितलं हेच आधी सांगतो, कारण असा प्रसंग तुमच्याही घरी येईल.

कुदळीचं पातं लांब आणि पुढं निमुळतं असतं, तिला माती उकरायची असते. टिकावाला दोन्ही अंगांना टोकं किंवा पाती असतात. कुऱ्हाडीची धार दांड्याच्या रेषेत असते. वाकसाची धार दांड्याला आडवी, म्हणजे धरणाऱ्याकडं तोंड करून असते. पातं साधारण तीन-चार बोटं रुंद. धारेला उतार एकाच अंगानं दिलेला, बहुतेक वेळा दांड्याकडच्या, आतल्या अंगानं. कुऱ्हाडीसारखा दोन्हीकडून नाही. पाथरवटाच्या हातोड्याला अशी धार कशाला लागेल? आणि मागचा ठोकळा, तो खिळे, पाचरी, खुंट्या ठोकायला. पात्यानं तासायचं, वाकस हातातल्या हातात फिरवायचा आणि माथ्यानं ठोकायचं. पटाशीवर घाव घालायचा तोही ह्यानंच. खाच पाडणं, साल काढणं, दांडा गोल करणं, सैल झालेली पाचर बसवणं, ही सगळी कामं एका अवजारात. करवत आणि रंधा घरी ठेवून सुतार नुसता वाकस खांद्याला अडकवून शेतावर जाई, तो उगाच नाही. काही ठिकाणी ह्यालाच तासणी म्हणतात. हिंदी मुलखात बसुला म्हणतात.

राहिला तुळयांचा पुरावा. जुन्या तुळईवर हात फिरवला तर ती रंध्यानं गुळगुळीत केलेली नसते. तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखे उथळ घाव एकामागं एक पडलेले असतात. त्यातला एक चांगला, पुरा उमटलेला घाव बघून त्याच्यावर गंजकं पातं आडवं टेकवलं. रुंदी बरोबर जुळली. धारेच्या एका कोपऱ्याला लहानसा टवका होता, त्याची बारीक उभी रेघसुद्धा घावात दिसत होती. एवढ्यावर आजींचं बोलणं आम्ही मानलं. खेदाची गोष्ट अशी, की त्या तुळयांचा सौदा आदल्याच दिवशी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याशी होऊन गेला होता आणि दुपारी ट्रक आला. वाकस राहिला, त्याचं काम गेलं.

हे अवजार किती जुनं? आपला हा एक वाकस कदाचित शंभर वर्षांचाही नसेल, पण त्याची जात फार पुरातन आहे. इजिप्त देशात रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्याच्या भिंतीवर सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी रंगवलेले सुतार आहेत, त्यांच्या हातात आडव्या पात्याचं असंच अवजार आहे. पातं दांड्याला वादीनं बांधलेलं, नेढं नाही, एवढाच फरक. आपल्याकडं संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे इथं तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या, त्याही नेढ्याविना. नेढं पाडून त्यात दांडा ठोकणं ही पुढची अक्कल. पाली भाषेत वाकसाला वासी म्हणत. संयुत्तनिकायात भगवान बुद्धांनी त्याच्या दांड्याचा दाखला दिला आहे. सुताराला दांड्यावर आपल्या बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे दिसतात, पण आज किती झिजला, काल किती झिजला हे त्याला सांगता येत नाही, झिजल्यावरच ते कळतं, असा त्याचा भाव आहे. ज्यानं सुताराचा हात जवळून पाहिला नाही त्याला हा दाखला सुचणार नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्य कोणाचंही असो, गावचा सुतार थोरल्या ओळीचा बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिलं, त्यात ह्या बलुत्याचा व्यवहार सविस्तर आला आहे. शेतकऱ्यानं बाभळीचं लाकूड आणून टाकायचं आणि सुतारानं वर्षभर नांगर, कुळव, तिफण नीट ठेवायची. मोबदला सुगीला खळ्यावर, पेंढ्या आणि धान्यात. नवी बैलगाडी करायची तर मजुरी वेगळी.

ही व्यवस्था सोन्यासारखी होती असं मी म्हणणार नाही. साल वाईट गेलं की खळ्यावर सुताराच्या वाट्याला काय उरायचं ते जुन्या माणसांना विचारा, आणि जातीनं ठरवून दिलेलं काम सोडायची मुभा नव्हती हेही विसरू नका. पण त्या सुताराच्या हातात एक विद्या होती, तिचं मोल आपण तेव्हाही नीट केलं नाही आणि आताही करीत नाही. तिफणीचंच बघा. तीन फण एका दिंडात बसवायचे, तिन्हींचा कल सारखा पाहिजे. एक फण बोटभर उताणा बसला तर त्याचं बी वर पडणार. आपल्या जिल्ह्यात रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. बी ओलीला लागलं नाही तर तास मोकळा जातो आणि वर्षाची भाकरी जाते. चाड्यातून बी नळ्यात पडतं, नळ्यातून फणाच्या मागं. ही सगळी भोकं, हे कोन सुतार नजरेनं आणि वाकसानं जमवीत असे. शेतकरी मृगाच्या आधी सुताराच्या दारात दिवस दिवस बसायचा तो काही गप्पा मारायला नाही.

मग हे का मोडलं? लोखंडी नांगर किर्लोस्करवाडीहून १९१० नंतर महाराष्ट्रात पसरू लागला होता, पण एकट्या नांगरानं सुताराचं काम संपलं नाही. १९७२ च्या दुष्काळानं मोठा घाव घातला. पेरणीच नाही तर तिफण कोण दुरुस्त करणार, आणि खळं नाही तर बलुतं कुठलं? दुष्काळी कामांवर खडी फोडायला शेतकरी गेला तसा कारागीरही गेला. पुढं वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी तिफणी मिळू लागल्या, मागून ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून साखर कारखान्यांकडं ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं जातात, त्यांत सुतारा-लोहारांच्या घरची माणसंही असतात. तिथं नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणून मांडली जातात. ज्याच्या आज्याला गाव वाकसामुळं ओळखत होतं, त्याच्या नातवाची मोजणी कोयत्यानं होते.

असो. अवजार हाती आलं आहे, ते कामाला कसं लावायचं ते बघू.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे नेढ्यात अडकलेला दांड्याचा तुकडा जाळून काढायला म्हणून वाकस चुलीत घालू नका. ही चूक फार जण करतात. विस्तवात धारेचं पाणी उतरतं आणि पातं शिशासारखं मऊ होतं. तुकड्यात गिरमिटानं दोन-तीन भोकं पाडा, लाकूड ढिलं होईल, मग ते खिळ्यानं किंवा सळईनं ठोकून बाहेर काढा.

गंजासाठी आपल्याकडं चिंच आहे. चिंचेच्या कोळात वाकस रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी नारळाच्या काथ्यानं किंवा तारेच्या ब्रशनं घासा. गंज फार मुरला असेल तर पुन्हा एक रात्र. नंतर स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. ह्या आंबट पाण्याचा आणखी एक फायदा आहे. जुने लोहार अंग मऊ लोखंडाचं करीत आणि धारेपुरतं पोलाद जोडीत. चिंचेच्या पाण्यातून काढल्यावर पोलादाचा भाग काळपट आणि लोखंडाचा करडा दिसतो, मधली सांध्याची रेघ स्पष्ट होते. काळपट पट्टा बोटभर शिल्लक असेल तर वाकस अजून एक पिढी चालेल. पट्टा संपतच आला असेल तर कितीही घासा, धार टिकणार नाही. तो लोहाराकडून शेवटून आणावा आणि नवं पोलाद घालून घ्यावं. निजामाच्या राज्यात कोनसमुद्रम आणि निर्मळकडचं पोलाद तलवारींसाठी नावाजलेलं होतं, हे खरं. म्हणून प्रत्येक गंजकं पातं त्याच पोलादाचं असं सांगून कोणी भाव चढवू लागला तर हसून सोडून द्या.

वाकस दोरीला टांगून लहान हातोडीनं हळूच वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर बरं. बद्द आवाज आला तर बारीक चीर शोधा, विशेषतः नेढ्याच्या कोपऱ्यात. चीर असलेला वाकस कपाटात ठेवा, कामाला घेऊ नका. माथ्याच्या कडा ठोकून ठोकून फुलासारख्या पसरल्या असतील तर त्या कानशीनं काढून टाका. ठोकताना असली कपची उडून डोळ्यात जाते.

धार लावताना जुना उतार ज्या अंगाला आहे त्याच अंगाला घासायचं. दुसरं अंग सपाटच राहू द्या, तिथं फक्त दगडावर फिरवून कस काढा. दोन्ही अंगांनी धार लावली की वाकस लाकडात शिरतो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. पाण्याचा दगड उत्तम. विजेच्या सहाणेवर लावायची तर दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली म्हणजे तेवढं पाणी गेलं असं समजा.

दांड्याला धावडा मिळाला तर फार छान, नाहीतर बाभूळ किंवा बोर. लाकूड सुकं पाहिजे. ओला दांडा आज घट्ट बसेल आणि चैत्रात सैल होऊन वाकस निसटेल, तोही नेमका घाव घालताना. सैल अवजार बादलीत भिजत ठेवायची सवय आहे आपल्याला, पण तो एका दिवसाचा उपाय आहे, वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षाही ढिला होतो. दांडा हातभराहून आखूडच ठेवा, रेषा सरळ असलेल्या लाकडाचा करा. नेढ्यात दाबून बसवल्यावर वरून सुकी पाचर मारा, आणि डोळ्यासमोर धरून बघा, धार दांड्याला बरोबर आडवी आली पाहिजे. शेवटी जवसाचं तेल दोन-तीनदा चोळून मुरू द्या. जुना पुरा दांडा सापडला आणि तो तडकलेला नसेल तर मात्र बदलू नका. कोणाच्या तरी बोटांनी तो घासलेला असतो, आणि तुमची बोटंही तिथंच बसतात.

तासताना लाकूड ओंडक्यावर टेकवा, पायानं धरू नका. घाव आपल्याकडं येतो, म्हणून ओंडका पायाच्या पुढं पाहिजे. लहान मुलांना समोर उभं राहू देऊ नका.

केजच्या त्या घरमालकांनी वाकस नीट करून घेतला. पहिलं काम म्हणून खुरप्याच्या मुठी केल्या, मग कुऱ्हाडीचा दांडा. गावातले जुने सुतार आता हाताला कंप सुटल्यामुळं काम करीत नाहीत, पण त्यांना ओसरीवर बोलावलं होतं. त्यांनी वाकस हातात घेतला, धारेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नाना, माथ्याची बाजू जरा जड हाय. आमच्या बापाच्या हातचा हाय ह्यो. त्येला ठोकायला जड लागायचा." मग त्यांनी बाजेचा एक ढिला पाय जागच्या जागी ठोकून दिला.

तुमच्या गावात असा म्हातारा कारागीर असेल तर सुगी उरकल्यावर त्याच्याकडं जाऊन या. तुमच्याकडं ह्या अवजाराला काय म्हणतात, त्याच्या पात्याची रुंदी किती, माथा चौकोनी की गोल, हे पोस्टकार्डावर लिहून आमच्या कार्यक्रमाकडं पाठवा. पावसाळ्यात वाकस ठेवताना धारेला गोडं तेल लावून फडक्यात गुंडाळा, आणि जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगा.