एक्के किती? : चार नो ट्रम्पची कुळकथा

ब्रिजमधली ‘चार नो ट्रम्प’ ही बोली बहुतेक वेळा बोली नसतेच. तो भिडूला विचारलेला प्रश्न असतो : एक्के किती? हा प्रश्न गुणलेखनातून जन्मला. ऑक्शन ब्रिजमध्ये बारा हात झाले की स्लॅमचे बक्षीस मिळे, बोली कितीचीही असो. १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ जहाजावर कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत आजमावली आणि तेवढी बोली आधी लावेल त्यालाच स्लॅमचे बक्षीस, असे ठरले.

डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पाने प्रत्येक टेबलावर जातात, त्यामुळे नशिबाला बोल लावता येत नाही. व्हल्नरेबल जोडीने (जिची बक्षिसे आणि दंड दोन्ही मोठे असतात) चार इस्पिक, म्हणजे दहा हात, बोलून बारा हात केले तर ६८० गुण, सहा, म्हणजे बाराच, बोलून केले तर १४३०. सहा बोलून अकराच झाले, तर हातचे ६५० जातात आणि वर १०० दंड. मिळकत ७५०, फटकाही ७५०. म्हणून निम्मी शक्यता असली तरी स्लॅम बोलावा. पण दोन एक्के समोरच्यांकडे असतील तर तो बहुधा बुडालाच.

ब्रिजतज्ज्ञ एली कल्बर्टसन यांच्या पद्धतीत चार नो ट्रम्प बोलणारा स्वतःचे एक्के सांगत असे. इंडियानापोलिसचे विमा व्यावसायिक ईझली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये ते उलटे केले : बोलणाऱ्याने विचारायचे, भिडूने सांगायचे. पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, चौकट म्हणजे एक, बदाम दोन, इस्पिक तीन. कल्बर्टसन यांच्या ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकाने ही कल्पना नाकारली, तरी ती घरोघरच्या टेबलांवर पसरली. इतकी सोपी युक्ती कोण सोडणार?

सोपेपणाची किंमतही होती. हुकूम किलवरचा असेल तर ‘एक एक्का’ हे उत्तरच पाच किलवरच्या पुढे जाते आणि परतीची वाट बंद होते. ह्यूस्टनच्या जॉन गर्बर यांची चार किलवरची पृच्छा खालूनच सुरू होते, म्हणून ती ही अडचण टाळते. पुढे हुकमाचा राजाही पाचवा एक्का म्हणून मोजला जाऊ लागला, राणीचीही चौकशी होऊ लागली. त्या ‘रोमन की कार्ड’च्या एका प्रकारात पाच किलवर म्हणजे एक किंवा चार, पाच चौकट म्हणजे तीन किंवा शून्य. हे आकडे ओळीने वाचले की १४३० होतात, म्हणून त्याचे नावही तेच : सहा इस्पिकच्या व्हल्नरेबल स्लॅमचे गुण.